गुरू पेटेल का, फुटेल का? वायुमहाग्रहांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की कोकणपट्टीवरचं आकाश मोकळं होतं. जांभ्याच्या सड्यांवर, शाळेच्या मैदानात, किनाऱ्यावरच्या वाळूत दुर्बिणी लागतात. गुरूचे पट्टे आणि चार चंद्र पाहून झाले की रांगेतून ठरावीक प्रश्न येतात: हा सगळा गॅस आहे तर पेटत का नाही? कधी स्फोट झाला तर? या प्रश्नांत तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. जळणं ही रसायनाची गोष्ट, संमीलन, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जुळून जड होणं, ही अणुकेंद्रांची आणि ग्रह फुटणं ही गुरुत्वाकर्षणाची. प्रत्येकीची अट निराळी आहे, म्हणून खालची उत्तरंही त्या अटी सुट्या करून दिली आहेत.

गुरू आणि शनी ‘गॅस’चे ग्रह आहेत. मग काडी लावली तर भडकणार नाहीत का?

आपल्या बोलण्यात ‘गॅस’ म्हणजे स्वयंपाकघरातलं सिलिंडर. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतं आणि ते पेटतं, म्हणून गॅस म्हणजे पेटणारी वस्तू असं डोक्यात बसलेलं असतं. वायू ही फक्त अवस्था आहे. नायट्रोजनही वायूच आणि कार्बन डायऑक्साइडही वायूच, पण दोन्ही आग विझवायला वापरतात.

तरीही प्रश्न रास्त आहे, कारण गुरूवरचा मुख्य वायू खरोखरच उत्तम इंधन आहे. गुरूच्या वस्तुमानात साधारण तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि उरलेल्यात बहुतेक हेलियम. हेलियम कशाशीच संयोग करत नाही. हायड्रोजन मात्र हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात मिसळला तरी ठिणगीने पेटतो. सिलिंडरच्या गॅसची हीच मर्यादा जेमतेम २ ते ९.५ टक्के आहे.

मेख ‘हवेत’ या शब्दात आहे. टाळी एका हाताने वाजत नाही, तसं ज्वलन एकट्या इंधनाने होत नाही. इंधनातले इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ लागतो. पृथ्वीवर ते काम हवेतला २१ टक्के ऑक्सिजन करतो. गुरूच्या वातावरणात हायड्रोजन, हेलियम, थोडा मिथेन, थोडा अमोनिया आणि पाण्याची वाफ आहे. मोकळा ऑक्सिजन नाही. क्लोरीन किंवा फ्लोरीनसारखा त्याची जागा घेणारा वायूही मोकळा नाही. शनी, युरेनस आणि नेपच्यून यांची कथा हीच.

पाण्याची वाफ आहे म्हणता, म्हणजे ऑक्सिजन आहेच ना?

आहे, पण बांधलेला. पाणी ही जळून गेलेल्या हायड्रोजनची राख समजा. चुलीतली राख पुन्हा पेटवता येत नाही, तसंच पाण्यातल्या ऑक्सिजनने दुसरा हायड्रोजन जाळता येत नाही. नासाच्या ‘जुनो’ यानाच्या मोजणीतून २०२० मध्ये जो आकडा आला, त्यानुसार गुरूच्या विषुववृत्तापाशी दर शंभर रेणूंमागे पाण्याचा पाव रेणू येतो. म्हणजे ऑक्सिजनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे कित्येक शे अणू उभे आहेत. विजेने किंवा उल्केच्या उष्णतेने एखादा पाण्याचा रेणू फुटला, तर सुटलेल्या ऑक्सिजनला शेजारी हायड्रोजनच भेटतो आणि पुन्हा पाणी होतं. मोकळा ऑक्सिजन साचायला तिथे वावच नाही.

पृथ्वीवर तो साचला, कारण इथे प्रकाशसंश्लेषण करणारे जीव अब्जावधी वर्षं तो सोडत राहिले. आगीला पोषक ग्रह ही सूर्यमालेत दुर्मिळ गोष्ट आहे, आणि आपण तशाच एका ग्रहावर राहतो म्हणून आग आपल्याला सर्वत्र शक्य वाटते.

हे डोळ्यासमोर आणायला कोकणातलंच एखादं उदाहरण?

परसातला गोबरगॅस. घुमटात साठलेल्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. शेगडीवर ज्योत तासभर जळते, तरी ती नळीतून मागे घुमटात शिरत नाही. कारण मिथेन पेटायला हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान लागतं आणि घुमटात हवाच नसते. ज्योत राहते ती जिथे इंधन आणि हवा एकमेकांना भेटतात तिथेच, म्हणजे बर्नरच्या तोंडाशी. बर्नरखालची हवा ओढणारी भोकं काजळीने बुजली की ज्योत पिवळी पडते आणि भांड्याचं बूड काळं होतं, तेही हवा कमी पडल्यामुळेच.

नवा घुमट भरल्यावर पहिला वायू न पेटवता बाहेर सोडून देतात, त्याचं कारणही हेच आहे. सुरुवातीला घुमटात आणि नळीत मूळची हवा उरलेली असते. त्या मिश्रणाला ज्योत दाखवली तर ती आतपर्यंत धावू शकते आणि घुमट तडकू शकतो. हवा पुरती निघून गेल्यावर तोच घुमट सुरक्षित. आता असा घुमट कल्पा, ज्यात पहिल्या दिवसापासून हवा कधी शिरलीच नाही आणि ज्याच्या भोवतीही हवा नाही, फक्त निर्वात पोकळी आहे. गुरू हा तसा घुमट आहे, पृथ्वीच्या अकरापट व्यासाचा. त्याला बर्नरचं तोंडच नाही.

गुरूवर विजा चमकतात. एवढ्या मोठ्या ठिणगीनेही काही होत नाही?

नाही. ‘व्हॉयेजर १’ने १९७९ मध्ये गुरूच्या रात्रीच्या बाजूला विजा टिपल्या आणि त्यानंतर गेलेल्या यानांनीही टिपल्या. ठिणगी फक्त सुरुवात करून देते. पुढे चालवायला मिश्रण लागतं, आणि ते तिथे नाही.

विजेपेक्षा मोठी काडीही ओढून झाली आहे. ७ डिसेंबर १९९५ रोजी ‘गॅलिलिओ’ मोहिमेची उपकुपी सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात घुसली. तिच्यापुढचा वायू सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त तापला. उष्णतारोधक ढालीचा निम्म्याहून अधिक भाग उडून गेला. कुपी तरीही टिकली, छत्रीने खाली उतरली आणि जवळजवळ तासभर तापमान, दाब आणि वायूंचं प्रमाण कळवत राहिली. हायड्रोजन पेटायला हवेत ५०० अंशांच्या वर थोडं तापमान पुरतं. तिथे त्याच्या कितीतरी पट होतं, आणि काही पेटलं नाही.

बरं, समजा बाहेरून ऑक्सिजन नेऊन ओतला तर?

हिशेब करून पाहू, कारण या हिशेबातून पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळतात.

१ किलो हायड्रोजन पूर्ण जाळायला ८ किलो ऑक्सिजन लागतो. गुरूचं वस्तुमान १.९ गुणिले १० चा २७ वा घात इतके किलो, त्यातला हायड्रोजन साधारण १.४ गुणिले १० चा २७ वा घात. म्हणजे ऑक्सिजन लागेल त्याच्या आठपट: जवळजवळ सहा गुरूंच्या वजनाइतका, किंवा सुमारे १९०० पृथ्वींइतका. एवढा मोकळा ऑक्सिजन सूर्यमालेत कुठेच नाही.

थोडा ओतला तर? तर गंमत उलटी होते. आपल्याकडे हवा भरपूर आणि इंधन नळीतून येतं, म्हणून ज्योत इंधनाच्या नळीवर बसते. गुरूवर इंधन भरपूर आणि ऑक्सिजन नळीतून येणार, म्हणून ज्योत ऑक्सिजनच्या नळीवर बसेल. नळी बंद केली की ज्योत विझेल आणि मागे उरेल चिमूटभर वाफ. गुरू पेटला असं म्हणता येणार नाही, तुमचा ऑक्सिजन जळला असं म्हणावं लागेल.

आता सगळाच्या सगळा हायड्रोजन जळला असं धरा. १ किलो हायड्रोजनमागे १२ ते १४ कोटी जूल उष्णता मिळते. एकूण बेरीज साधारण १.८ गुणिले १० चा ३५ वा घात इतके जूल. आणि गुरूचा कण न् कण एकमेकांपासून कायमचा सुटा करायला लागणारी ऊर्जा, म्हणजे त्याची गुरुत्वीय बंधन ऊर्जा, आहे २ गुणिले १० चा ३६ वा घात इतके जूल. म्हणजे पूर्ण ज्वलनातूनही गरजेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याची ऊर्जा मिळते. शिवाय ऑक्सिजन ओतल्यामुळे वस्तुमान सातपट झालेलं असतं आणि बंधन ऊर्जा चाळीसपटीहून जास्त वाढलेली असते. गुरू पूर्ण जाळला, तरी तो फुटत नाही. तापून फुगेल, आणि पुढे युगानुयुगं निवत राहील.

बंधन ऊर्जेचा तो आकडा किती मोठा आहे, ते समजेल असं सांगा.

सूर्य आज ज्या दराने ऊर्जा बाहेर टाकतो, ती सगळीच्या सगळी, एकही किरण न सोडता, सुमारे १७० वर्षं गुरूत ओतावी लागेल. मानवाने केलेला सर्वांत मोठा अणुस्फोट ३० ऑक्टोबर १९६१ चा, ५० मेगाटनांचा. तसे १ वर १९ शून्यं इतके बाँब लागतील.

१९९४ मध्ये गुरूवर स्फोट झालेच होते की!

झाले होते, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहेत. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू मार्च १९९३ मध्ये सापडला तेव्हाच त्याचे तुकडे झालेले होते. गुरूच्या ओढीने त्याची माळ केली होती. १६ ते २२ जुलै १९९४ या आठवड्यात वीसहून अधिक तुकडे सेकंदाला ६० किलोमीटर वेगाने एकामागून एक गुरूवर आदळले. ‘जी’ हा तुकडा १८ जुलैला पडला. त्यातून सुमारे ६० लाख मेगाटन टीएनटीइतकी ऊर्जा सुटल्याचा अंदाज आहे. आगीचा लोळ ढगांच्या वर सुमारे ३००० किलोमीटर उसळला. मागे पृथ्वीएवढाले काळे डाग राहिले आणि ते लहान दुर्बिणीतूनही कित्येक आठवडे दिसत होते.

पण तो लोळ ज्वलनाचा नव्हता. वेगवान तुकडा वातावरणात अडला, त्याची गतिज ऊर्जा उष्णता झाली, वायू काही हजार अंशांना तापून चमकला आणि वर फेकला गेला. लोखंड तापून लाल होतं तेव्हा ते जळत नसतं, तसंच हे. काळे डाग म्हणजे त्या उष्णतेत बनलेली, काजळीसारखी कार्बनी संयुगं आणि धूमकेतूची धूळ. पृथ्वीवर तेच घडलं असतं तर प्रलय होता. गुरूच्या बंधन ऊर्जेसमोर मात्र ‘जी’ तुकड्याची ऊर्जा सुमारे ८० लाख कोटी पट लहान होती. वारे वाहत राहिले, डाग पुसट झाले, ग्रह होता तसा आहे.

नासाने गुरूवर प्लुटोनियम असलेलं यान मुद्दाम पाडलं. त्याने गुरू पेटवायचा बेत होता, असे संदेश फिरतात. खरं काय?

यान पाडलं हे खरं, बाकी खोटं. ‘गॅलिलिओ’ यान २१ सप्टेंबर २००३ रोजी गुरूवर सोडलं गेलं. ‘कॅसिनी’ १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीवर. इंधन संपत आलं होतं, आणि भरकटलेलं यान युरोपा किंवा एन्सेलाडस अशा बर्फाखाली समुद्र असलेल्या चंद्रांवर आदळलं असतं, तर पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तिकडे पोचण्याचा धोका होता. तो टाळला गेला.

या यानांवर होतं प्लुटोनियम-२३८, चिनीमातीसारख्या कठीण ऑक्साइडच्या गोळ्यांच्या रूपात. ‘कॅसिनी’वर सुमारे ३३ किलो. ते सतत गरम राहतं आणि त्या उष्णतेतून वीज मिळते. अर्धायुष्य ८७.७ वर्षं. बाँबसाठी वापरतात ते प्लुटोनियम-२३९, आणि तेही शुद्ध धातूच्या रूपात, चारी बाजूंनी नेमक्या क्षणी स्फोटकांनी दाबावं लागतं. वातावरणात शिरताना यानाचे तुकडे होतात, गोळ्या विखुरतात, वितळतात. विखुरणं हे दाबण्याच्या नेमकं उलट आहे. शिवाय बाँब झाला असता तरी काय झालं असतं, ते पुढच्या उत्तरात.

मग खरा हायड्रोजन बाँब टाकला तर? गुरू तर हायड्रोजनचाच आहे.

बाँबमध्ये साधा हायड्रोजन वापरत नाहीत. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही त्याची जड भावंडं वापरतात, कारण साध्या हायड्रोजनचं संमीलन अतिशय मंद आहे. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असूनही एका प्रोटॉनला जोडीदार मिळायला सरासरी अब्जावधी वर्षं लागतात. बाँबची उष्णता सेकंदाच्या दशलक्षांश भागात पसरून जाते. तेवढ्यात आसपासच्या हायड्रोजनमध्ये काहीच घडत नाही.

गुरूवर ड्युटेरियमही आहे, पण हायड्रोजनच्या सुमारे ४० हजार अणूंत एक. आपल्या समुद्राच्या पाण्यात तो साधारण ६४०० त एक असतो. म्हणजे मालवणच्या धक्क्यावरून काढलेल्या बादलीभर पाण्यातला हायड्रोजन गुरूवरच्यापेक्षा ड्युटेरियमने सहापटीहून जास्त समृद्ध आहे. जुलै १९४६ मध्ये प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटाजवळ पाण्याखाली अणुबाँब फोडला गेला आणि १९५० च्या दशकात त्या भागात हायड्रोजन बाँबही फोडले गेले. समुद्र पेटला नाही. गुरूला त्याहून कमी कारण आहे.

गुरू ‘तारा होता होता राहिला’ असं म्हणतात. किती थोडक्यात हुकला?

थोडक्यात नाही. हे वाक्य आकर्षक आहे, पण दिशाभूल करणारं आहे. संमीलन टिकून सुरू व्हायला गाभा आपल्याच वजनाखाली पुरेसा दाबला आणि तापला पाहिजे. त्यासाठी लागतं वस्तुमान.

गुरूच्या सुमारे १३ पट वस्तुमान जमलं तर आतलं ड्युटेरियम काही काळ संमीलन पावतं. सुमारे ७५ ते ८० पट झालं तर साध्या हायड्रोजनचं संमीलन टिकून चालतं, आणि तेव्हा त्याला तारा म्हणतात. मधल्या पिंडांना तपकिरी बटू म्हणतात. तारा होण्याच्या या किमान मर्यादेचा पाया भारतात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घातला. आकुंचन पावणाऱ्या पिंडातले इलेक्ट्रॉन एका टप्प्यानंतर आणखी जवळ यायला नकार देतात. त्याआधी गाभा पुरेसा तापला नाही तर तो पिंड कायमचा निवत जातो, असं त्यांच्या गणितातून निघालं. असा पहिला निर्विवाद तपकिरी बटू प्रत्यक्ष सापडायला १९९५ साल उजाडलं.

सूर्यमालेतले बाकीचे सगळे ग्रह गुरूत ओतले तर? शनी ९५ पृथ्वींएवढा, नेपच्यून १७, युरेनस साडेचौदा, उरलेल्या चौघांची बेरीज दोन. गुरू स्वतः ३१८. बेरीज होते आजच्या गुरूच्या १.४ पट. पाहिजेत निदान ७५. गुरूच्या गाभ्यात आज २० हजार अंशांच्या आसपास तापमान आहे. सूर्याच्या गाभ्यातलं त्याच्या कित्येक शेपट.

पण गुरू सूर्याकडून घेतो त्याहून जास्त उष्णता बाहेर टाकतो. आत काही धुमसत नाही ना?

नाही. जन्माच्या वेळी वायू आणि धूळ कोसळताना जी उष्णता साठली, ती अजून बाहेर पडते आहे. त्यात संथ आकुंचनाची भर. गुरू मिळालेल्या उष्णतेच्या दीडपट ते दुप्पट बाहेर टाकतो. विटांची भट्टी विझवल्यावरही कितीतरी दिवस हाताला गरम लागते, तसं समजा. मात्र ही भट्टी एवढी मोठी आहे की साडेचार अब्ज वर्षांनीही निवलेली नाही.

शनीच्या आत आणखी एक गोष्ट घडते. प्रचंड दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये हेलियम विरघळून राहू शकत नाही, त्याचे थेंब होऊन खाली पडतात आणि पडताना उष्णता सोडतात. युरेनसची आतली उष्णता मात्र फारच थोडी जाणवते.

सूर्य तरी जळतो ना?

तोही जळत नाही. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं, त्यात ऑक्सिजनचा संबंध नाही. कोळशासारखा जळत असता तर काही हजार वर्षांत संपला असता.

टायटनवर मिथेनची तळी आहेत. तिथे तरी आग शक्य आहे?

शनीच्या या चंद्रावर उणे १७९ अंशांना मिथेन आणि इथेन द्रवरूपात साचलेले आहेत. हवा आहे, आपल्यापेक्षा दीडपट दाबाची, पण ती जवळजवळ सगळी नायट्रोजनची. ‘हायगेन्स’ ही कुपी १४ जानेवारी २००५ रोजी तिथे उतरली, तीही वातावरणात तापत घुसूनच. तिथे जपून ठेवावा लागेल तो ऑक्सिजन. टायटनवर उद्या तळ उभारला आणि ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, तर ती आपल्याकडच्या गॅसगळतीइतकीच धोक्याची असेल.

ताऱ्याला चिकटून फिरणारे, भाजलेले महाग्रह असतात. तेही पेटत नाहीत?

केल्ट-९बी हा दूरच्या ताऱ्याभोवतीचा, २०१७ मध्ये जाहीर झालेला ग्रह दिवसाच्या बाजूला ४००० अंशांच्या वर तापलेला आहे. तिथे हायड्रोजनचे रेणूच फुटून सुटे अणू होतात. एवढ्या तापमानाला पाण्याचा रेणूही टिकत नाही, म्हणजे ज्वलनाचं फळच धरत नाही. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने माउंट अबूच्या दुर्बिणीवरून २०२१ मध्ये शोधलेला टीओआय-१७८९बी हाही असाच. गुरूच्या ०.७ पट वस्तुमान, पण १.४ पट आकार, आणि वर्ष अवघं ३.२ दिवसांचं. अशा ग्रहांचं खरं संकट गळती हे आहे. वरचा तापलेला वायू गुरुत्वाकर्षणाच्या हातून निसटून अवकाशात वाहत राहतो. स्फोट नाही, संथ झीज.

समुद्रात मावळताना गुरू लाल होऊन पेटल्यासारखा फडफडतो, तो काय प्रकार?

तो आपल्या हवेचा खेळ आहे. क्षितिजापाशी प्रकाशाला डोक्यावरच्या मानाने अडतीसपट हवेतून यावं लागतं. निळा प्रकाश वाटेत विखुरतो, लाल उरतो. समुद्रावरच्या कमीजास्त तापमानाच्या थरांतून किरण वाकत राहतात, म्हणून ज्योत फडफडल्यासारखी वाटते. दुर्बिणीतून पाहिलं तर एरवी पांढुरक्या बिंबाची वरची कड निळसर-हिरवी आणि खालची लाल दिसते. प्रतियुतीच्या (पृथ्वी सूर्य आणि गुरू यांच्या मध्ये येते त्या) सुमारास, म्हणजे पुढची फेब्रुवारी २०२७ मध्ये, गुरू संध्याकाळी सह्याद्रीच्या बाजूने उगवतो आणि पहाटे समुद्रात मावळतो. पहाटे होडी काढणाऱ्यांना हे दृश्य हमखास दिसतं.

रेडिओवर गुरूचा कडकडाट ऐकू येतो म्हणे. ते स्फोट असतात का?

नाही. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात सापडलेल्या, बऱ्याचदा आयो या चंद्रामुळे चाळवलेल्या इलेक्ट्रॉनांचा तो आवाज. १९५५ मध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. ४० मेगाहर्ट्झच्या खाली येतो, २० च्या आसपास उत्तम. एका प्रकारचा आवाज किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांसारखा असतो, दुसरा लाह्या फुटल्यासारखा.

ऐकायचा असेल तर २०.१ मेगाहर्ट्झसाठी एकूण ७.१ मीटर लांबीची तार, मधोमध तोडून दोन भाग, मध्ये समाक्ष (कोअॅक्सियल) केबल, आणि त्या पट्ट्यावर लागणारा शॉर्टवेव्ह रिसीव्हर. दोन माडांमध्ये नायलॉनच्या दोरीने साडेतीन-चार मीटर उंचीवर ताणा. तार खोडाला टेकू देऊ नका. मध्यरात्रीनंतर ऐका, कारण दिवसा आयनोस्फियर हा वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर आड येतो. एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर बंद करा, कारण त्यांची खरखर गुरूला सहज झाकून टाकते. वळवाच्या दिवसांत प्रयत्न करू नका. कडकडाट ऐकू येईल तो आपल्याच विजांचा, आणि उघड्यावर ताणलेली तार धोक्याची.

हायड्रोजनच्या आत ज्योत विझते, हे शाळेत दाखवता येईल का?

येईल, आणि जरूर दाखवा. वीस मिनिटांच्या भाषणापेक्षा ते जास्त पटतं. विज्ञान शिक्षकाने स्वतः करायचं. मुलं दोन मीटर दूर, डोळ्यांवर चष्मे.

१०० मिलिच्या चंबूत १ ग्रॅम जस्ताचे तुकडे, त्यावर २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिलि. बूच आणि नळी लावून वायू पाण्याखालून गोळा करा. यातून साधारण ३७० मिलि हायड्रोजन मिळतो. पहिला दीड-दोनशे मिलि सोडून द्या, त्यात चंबूतली हवा असते. मग ५० मिलिच्या रुंद परीक्षानळीत भरा आणि नळीचं तोंड सतत खाली ठेवा. चंबूपासून दूर नेऊन तोंडाशी ज्योत धरा. तीव्र ‘टॉक’ आवाज आला तर हवा मिसळली आहे, आणखी वायू जाऊ द्या. हलका ‘फुस्’ आला की पुढचं करा.

भरलेली नळी तोंड खाली करून स्टँडला अडकवा. वाकवलेल्या तारेवर वाढदिवसाची बारीक मेणबत्ती लावून ती पेटलेली हळूहळू वर न्या. नळीच्या तोंडाशी हायड्रोजन फिकट ज्योतीने पेटेल आणि आत गेलेली मेणबत्ती विझेल. लगेच खाली ओढली तर तोंडाशी जळणाऱ्या हायड्रोजनवर ती पुन्हा पेटते. विझली ती जागा म्हणजे गुरू.

बिघडतं ते बहुतेकदा दोन कारणांनी. नळी तिरकी झाली की हायड्रोजन क्षणात वर निघून जातो आणि मेणबत्ती आत जळतच राहते. किंवा जस्त फार शुद्ध असल्याने वायू येतच नाही, तेव्हा मोरचूदाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. अरुंद तोंडाची बाटली किंवा मोठं भांडं कधीही वापरू नका. फुगे तर नकोतच.

दुर्बिणीतून गुरूवर अचानक प्रकाश चमकलेला दिसला तर काय करायचं?

असं खरोखर घडतं. ३ जून २०१० रोजी ऑस्ट्रेलियातले अँथनी वेस्ली आणि फिलिपिन्समधले ख्रिस्तोफर गो या दोन हौशी निरीक्षकांनी एकच चमक स्वतंत्रपणे टिपली. ती साधारण दहा मीटरच्या दगडाची होती आणि दोनच सेकंद टिकली. दोन ठिकाणांहून टिपली गेली म्हणूनच ती निर्विवाद ठरली.

१५० ते २०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण आणि सेकंदाला २० ते ३० चित्रं घेणारा कॅमेरा यासाठी पुरतो. चमक दिसली की चित्रण थांबवू नका, अजून निदान पंधरा मिनिटं चालू ठेवा. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे मागे डाग राहिला असेल तर तो कडेला जाण्याआधी टिपला पाहिजे. मूळ फाइल जशीच्या तशी जपा, संकुचित करून व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत उपयोगाची नाही. चमक एकाच चित्रात असेल तर बहुधा वैश्विक किरण, बिंबाबाहेर सरकत जात असेल तर उपग्रह. खरी चमक जागेवर राहते, झपकन वाढते आणि थोडी सावकाश मंदावते. वेळ सेकंदापर्यंत लिहा, कॅमेऱ्याच्या घड्याळावर न विसंबता जीपीएसशी जुळवून, आणि जागतिक वेळेसाठी भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करा. मग त्याच रात्री गुरूकडे पाहत असलेल्या दुसऱ्या निरीक्षकाला फक्त वेळ कळवा, बिंबावरची जागा सांगू नका. ती त्याने आपल्या चित्रणात स्वतः शोधली पाहिजे.